लेकीच्या लंडनात, बाबासाहेबांच्या दारात

कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या बौद्धवाड्यांमध्ये आता एखाददुसरे तरी घर असे सापडते, की ज्याचे मूल सातासमुद्रापलीकडे आहे. कुणाचा मुलगा आखातात वायरमन, कुणाचा बोटीवर, तर कुणाची लेक परिचारिका होऊन इंग्लंडात. मुले तिकडे स्थिरावली की आईबापांना बोलावणे येते. मग वाडीत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. "थंडी सोसेल का?" आणि "तिथं जाऊन करणार काय?" पहिल्याचे उत्तर लोकरीच्या कपड्यांत आहे. दुसऱ्याचे उत्तर मात्र आम्हाला तिथे गेल्यावर मिळाले. ते समाजबांधवांना सांगावे म्हणून हा लेख.

आम्ही उभयता गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे लंडनला दोन महिने राहून आलो. आमची सारी नोकरी खोपोलीला कारखान्यात पाळीवर गेली. मुलांची आई चौथी शिकलेली. आमचा लांबचा प्रवास म्हणजे ६ डिसेंबरला दादरची चैत्यभूमी आणि एकदा नागपूरची दीक्षाभूमी, एवढाच.

जाण्यापूर्वीची तयारी

पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा एका वेळी साधारण ६ महिन्यांपर्यंत राहू देतो. त्यावर तिथे नोकरी करता येत नाही. अर्जासोबत लेकीचे बोलावण्याचे पत्र, तिच्या पगाराचे कागद आणि आपण परत येणार हे पटवणारे आपले कागद द्यावे लागतात. पेन्शन, बँकेचे पुस्तक, घराचा उतारा असे जे असेल ते जोडावे. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. आपल्या लोकांची खरी अडचण नावाची असते. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरे. पासपोर्ट काढण्याआधी ही नावे सारखी करून घ्यावीत. प्रवासाचा आजारपणाचा विमा जरूर उतरवावा. परक्या मुलखातले दवाखान्याचे बिल गरिबाला परवडत नाही.

खाण्याच्या सामानाचेही नियम आहेत. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ इथून तिकडे नेता येत नाहीत. तेव्हा पेढे, खवा, तूप घरीच ठेवावे. मसाला, पापड न्यावेत. वेळेचा हिशेब सांगायचा तर उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असते. आपल्याकडे दुपारचे ४ वाजले की तिथे सकाळचे ११.३०.

चार भिंतींतले लंडन

पहिले पंधरा दिवस आम्ही लंडन पाहिले ते खिडकीतून. लेक-जावई दोघेही ड्यूटीवर. नातवंडे शाळेत. परत आली की त्यांची इंग्रजी फडफड, ती आम्हाला उमजेना आणि आमची मराठी त्यांना अर्धीच कळे. मुलांची आई दिवसभर भाकऱ्या, भांडी आणि नातवंडांचे डबे यात गुंतलेली. आईबाप आले की घरात हक्काचे माणूस मिळते, हे खरे. त्यात मायाही असते. पण परदेशी गेलेल्या कित्येक आया सहा-सहा महिने स्वयंपाकघरातच काढून परत येतात. विमानतळ सोडून काही पाहिले नाही असे सांगणाऱ्या बाया आमच्याच तालुक्यात भेटतील.

आमच्या लेकीने रजा काढली आणि आम्हाला फिरवायला सुरुवात केली. टेम्स नदीवरचा पूल झाला, घड्याळाचा मनोरा झाला, राणी-राजांचा वाडा झाला. टॉवरमधला कोहिनूर झाला. लाल दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर बसून फिरणे सोयीचे आणि स्वस्त. एकदा भाडे दिले की तासाभरात दुसऱ्या बसलाही तेच चालते. सगळे देखणे होते. पण तिसऱ्या दिवशी बसमध्ये मुलांची आई हळूच म्हणाली, "बघितलं सगळं, बाय. पण ह्यात आपलं काय गं?"

लेक थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आई, उद्या तुला आपलं दाखवते."

१०, किंग हेन्रीज रोड

चॉक फार्म नावाच्या भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर उतरलो. बाहेर येऊन रेल्वेवरचा पूल ओलांडला. खालून गाड्या धडधडत होत्या, कर्जत स्टेशनची आठवण झाली. पलीकडे शांत, झाडांची गल्ली. तिथे १० नंबरच्या घरावर निळी गोल पाटी. भारतातील सामाजिक न्यायाचे लढवय्ये डॉ. भीमराव रामजी आंबेडकर १९२१-२२ साली इथे राहिले, अशा अर्थाचा मजकूर तीवर आहे.

महाराष्ट्र शासनाने ही वास्तू २०१५ साली विकत घेतली आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तिचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. पुढे तेही सहज टिकले नाही. शेजाऱ्यांपैकी काहींनी वर्दळीची तक्रार केली. २०१८ साली तिथल्या नगरपालिकेने संग्रहालयाला परवानगी नाकारली. २०१९ मध्ये चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या सरकारने परवानगी दिली. बाबासाहेबांना हयातीत घरासाठी वणवण करावी लागली. त्यांच्या स्मृतीलाही घरासाठी भांडावे लागले.

आत भिंतींवर छायाचित्रे आहेत. वर त्यांच्या काळासारखी मांडलेली खोली आहे, पलंग आहे, पुस्तके आहेत. आमची नातवंडे इकडे-तिकडे पाहत होती. त्यांना फोटोतला माणूस ठाऊक होता. गोष्ट ठाऊक नव्हती. आणि मग नवल झाले. चौथी शिकलेली त्यांची आजी बोलू लागली. वाडीच्या विहारात वर्षानुवर्षे ऐकलेले सारे तिला मुखोद्गत. १९१७ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून शिक्षण अर्धवट टाकून बाबासाहेबांना परतावे लागले. मग मुंबईत प्राध्यापकी करून पै-पै जमवली. शाहू महाराजांनी हात दिला, नवल भथेना या पारशी मित्राने उसने पैसे दिले, तेव्हा १९२० साली ते पुन्हा लंडनला आले. आजी सांगत होती आणि लेक पोरांना इंग्रजीत समजावत होती. लंडनात प्रथमच मुलांची आई पुढे आणि आम्ही सारे तिच्या मागे चालत होतो.

धाकटी नात म्हणाली, "आजी, त्यांची बायको कुठे होती?"

"मुंबईला," आजी म्हणाली. "पोरं सांभाळत, काटकसर करत. तिनं हे घर कधी पाहिलं नाही."

माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. आणि सुभेदार रामजी? ज्यांनी लेकाला पहाटे उठवून अभ्यासाला बसवले, ते २ फेब्रुवारी १९१३ रोजी गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. लेकाची परदेशातली खोली, तिथली त्याची पुस्तके पाहणे त्या बापाच्या नशिबी नव्हते. आम्हाला ते लाभले, ते त्यांच्या खस्तांमुळेच. तिथे एक म्हातारे पंजाबी गृहस्थ भेटले. भाषा वेगळी, पण हात जोडून "जय भीम" म्हणाले, आणि पुढे दुभाषाची गरज पडली नाही.

संग्रहालयातला स्तूप

होलबर्न भागात तीन ठिकाणे जवळजवळ आहेत. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, जिथून बाबासाहेबांनी १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. ग्रेज इन, जिथे ते बॅरिस्टर झाले. आणि ब्रिटिश म्युझियम, जिथल्या गोल वाचनालयात ते अभ्यासाला बसत. म्युझियम पाहायला पैसे पडत नाहीत. तिथेच आंध्रातील अमरावतीच्या स्तूपाची संगमरवरासारखी पांढरी शिल्पे मांडलेली आहेत. बोधिवृक्ष, पावलांचे ठसे, धम्मचक्र. मुलांची आई दगड निरखून म्हणाली, "आपल्या कोंडाण्याला पण स्तूप आहे की."

खरेच आहे. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी दोन हजार वर्षांपासून उभी आहेत. कण्हाचा शिष्य बालुक याने हे काम केल्याचा लेखही तिथे कोरलेला आहे. आपल्या दारचे लेणे आम्हाला लंडनच्या म्युझियममध्ये नव्याने आठवले. नातवंडे इकडे आली की आधी कोंडाणे आणि मग महाडचे चवदार तळे, असे ठरले. लंडनहून पदवी घेऊन परतलेल्या त्या माणसाने चारच वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, आमच्याच जिल्ह्यात ओंजळभर पाणी उचलले, हे पोरांनी काठावर उभे राहून ऐकावे.

परदेशातल्या मुलांना चार शब्द

आईबापांना बोलावलेत, आनंद आहे. नातवंडे ती सांभाळतीलच. पण आठवड्यातला एक दिवस त्यांच्यासाठी राखा. एका दिवसात एकच ठिकाण घ्या. म्हातारे गुडघे पाच ठिकाणे पेलत नाहीत. दुपारी गरम जेवण आणि बसायला बाक मिळेल असे पाहा. घराचा पत्ता व फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या खिशात असू द्या. आणि मुख्य म्हणजे, त्यांना जे ठाऊक आहे तिथे त्यांना न्या. न्यूयॉर्कला असाल तर कोलंबिया विद्यापीठात न्या, जिथे बाबासाहेबांनी १९१५ साली एम.ए. केले. लंडनला असाल तर वर सांगितलेल्या पत्त्यावर न्या.

आणि आईबापांनो, तुम्हीही बुजू नका. इंग्रजी येत नाही म्हणून खिडकीत बसू नका. तुमच्या नातवंडांना त्या घराचा पत्ता फोनवर सापडेल. त्या घराची गोष्ट मात्र तुमच्यापाशी आहे. ती द्यायलाच तुम्ही एवढ्या लांब जायचे आहे.