पेचकस चालेल, शेगडी नको

भाचा भंगाराच्या धंद्यात आहे. मध्यंतरी त्यानं हातात मावणारे दोन जुने संगणक आणले. स्मार्टफोन यायच्या आधी साहेब लोक खिशात ठेवायचे, ते. एक १९९८ चा पाम थ्री, दुसरा १९९९ चा पाम फाइव्ह. “मावशी, खोलून बघू का आत काय असतं?” म्हटलं, बघू. पण आधी सेल बाहेर.

पाम थ्रीत रिमोटचे असतात तसे दोन बारीक सेल. खणात पांढरी भुकटी साचलेली. गळलेल्या सेलमधला तो क्षार. तोच हात डोळ्याला लागला तर डोळा भाजतो. असं झालंच तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा आणि तडक दवाखाना गाठा. मध, तूप, गुलाबपाणी काही घालू नका.

स्क्रू काढल्यावर हिरवी पट्टी दिसली. तिच्यावर मोटोरोलाची ड्रॅगनबॉल चिप आणि वेगळ्या छोट्या कार्डावर २ एमबी मेमरी. आजच्या मोबाईलचा एखादा फोटोही त्यात मावायचा नाही! सेल बदलताना मिनिटभर मेमरी पुसली जाऊ नये म्हणून आत एक कपॅसिटर असतो. वॉर्डात व्हेंटिलेटर बंद पडला की आम्ही हातानं अंबू बॅग दाबत राहायचो, तसंच काम. भाच्याला हे फार आवडलं.

पाम फाइव्हला स्क्रूच नाहीत, डिंकानं चिकटवलेला. “गॅसवर शेकला की सुटेल,” म्हणून तो उठला. मी हात धरला. आत लिथियमची बॅटरी आहे. ती तापली, टोचली की भडकते.

आणि पट्टीवरचं झाळकाम? त्या काळी त्यात कथलाबरोबर शिसं असायचं. नुसतं हाताळून हात साबणानं धुतले तर फारसं भय नाही. पण आपल्याकडे पट्ट्या तव्यावर तापवून सुटे भाग काढतात, तेही स्वयंपाकाच्या खोलीत. त्याची धूळ भांड्यांवर, गोधडीवर बसते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांच्या अंगात मोठ्यांच्या चार-पाच पट भिनतं, मेंदूची वाढ खुंटवतं. गरोदर बाईकडून ते पोटातल्या बाळापर्यंत जातं.

सोन्यासाठी तेजाब वापरणाऱ्यांचं तर विचारूच नका. नायट्रिक ॲसिडचा तपकिरी धूर लागला की आधी नुसता खोकला येतो. माणूस घरी जाऊन जेवतो. फुप्फुसात पाणी भरतं काही तासांनी. रात्रपाळीला असा एक पेशंट मी पाहिलाय. दुपारी काय काम केलं, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या घरातलं कुणी असं काम करत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

पाम थ्री पुन्हा जोडला, चालत मात्र नाही. पाम फाइव्ह तसाच बंद आहे. नोंदणी असलेल्या ई-कचरावाल्याकडे दोन्ही द्यायचेत. तोवर भाचा तो कानाशी धरून हलवून बघतो.