लिलावातील पहिले नाव सांगलीचे

अमेरिकी फुटबॉलमध्ये तळाच्या संघाला महाविद्यालयीन खेळाडू निवडण्याची पहिली संधी देणारी ‘ड्राफ्ट’ पद्धत आहे. महिला प्रीमियर लीग या भारतातील क्रिकेट स्पर्धेत मात्र लिलाव होतो, म्हणजे ठरलेल्या निधीतून सर्वाधिक बोली लावणारा संघ खेळाडू मिळवतो. 13 फेब्रुवारी 2023 रोजी मुंबईतील पहिल्या लिलावात सांगलीत घडलेल्या स्मृती मानधनाचे नाव सर्वप्रथम पुकारले गेले आणि 50 लाखांच्या मूळ किमतीवरून बोली 3.40 कोटींवर गेली. ही बोली जिंकणाऱ्या बंगळुरू संघाच्या 12 कोटींच्या निधीपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम एकटीवर खर्च झाली. त्या हंगामात संघाने पहिले पाचही सामने गमावले, तरी तेवढ्यावरून निवड फसली असे मानणे उतावीळपणाचेच होते. त्याच लिलावात अवघ्या 10 लाखांत घेतलेल्या श्रेयांका पाटीलने 2024 च्या अंतिम सामन्यात 12 धावांत 4 बळी टिपले आणि मानधनाच्या नेतृत्वाखाली बंगळुरूने विजेतेपद पटकावले.