शनीचे पाच अंश

मुरूडजवळच्या नांदगावात काळोख पडला की पश्चिमेचं आभाळ थेट समुद्राला टेकलेलं दिसतं. मावळता ग्रह पाहायला मध्ये डोंगर नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस याच गावात केशव दैवज्ञ एका अडचणीत सापडला होता. गणिताप्रमाणे शनी जिथे असायला हवा, तिथे तो नव्हता.

आर्यपक्ष नावाच्या ज्योतिष-घराण्याचं गणित शनीच्या बाबतीत सुमारे पाच अंशांनी चुकत होतं. पौर्णिमेचं चंद्रबिंब अर्ध्या अंशाचं असतं. असे दहा चंद्र ओळीने मांडावेत, एवढी ही चूक. ती दिसायला दुर्बीण लागत नाही. इतरांनाही दिसली असणारच, असं मला वाटतं. पण ज्योतिषी कुठल्या तरी पक्षाचा असे : सौर, आर्य नाहीतर ब्राह्म. पक्षाचा ग्रंथ चुकतो म्हणणं म्हणजे गुरूला आणि गुरूच्या गुरूला चुकीचं ठरवणं. त्यापेक्षा आभाळाकडे पाठ फिरवणं सोपं होतं.

केशवाने पाठ फिरवली नाही. तिन्ही पक्षांचं गणित त्याने प्रत्यक्ष ग्रहांशी ताडून पाहिलं, १४९६च्या सुमारास ‘ग्रहकौतुक’ रचलं, आणि पुढच्यांसाठी लिहून ठेवलं की काळ जाईल तसं पुन्हा अंतर पडेल, तेव्हा चांगल्या गणकांनी युती आणि उदयास्त पाहून गणित नव्याने बसवावं.

त्याच्या मुलाने, गणेशाने, १५२० साली ‘ग्रहलाघव’ लिहिलं. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता, असं परंपरा सांगते. त्यातला एक श्लोक वाचताना मी दर वेळी थांबतो. सूर्य सौरपक्षाचा घ्या. चंद्रही सौरच, पण नऊ कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कमी करून. गुरू, मंगळ आणि राहू आर्यपक्षाचे. बुध ब्राह्मपक्षाचा. शुक्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधोमध. आणि शनी आर्यपक्षाचा, पाच अंश मिळवून! असे घेतले तरच ग्रह डोळ्यांना दिसतात तिथे येतात, असं तो स्वच्छ सांगतो. एका श्लोकात त्याने तिन्ही घराणी मोडली. कुणाचाच तो झाला नाही.

शिवाय ज्या-चापाची, म्हणजे त्रिकोणमितीची, किचकट आकडेमोड त्याने काढून टाकली आणि दिवसांची गणती ११ वर्षांच्या, म्हणजे ४०१६ दिवसांच्या, चक्रांत बसवली. खेड्यातल्या जोशालाही आता पंचांग करता येऊ लागलं. तीनशेहून अधिक वर्षं महाराष्ट्राची पंचांगं याच ग्रंथावर चालली.

नांदगावहून किनाऱ्याने उत्तरेला निघालं की काशीद, कोर्लई, मग रेवदंड्याची खाडी आणि पलीकडे नागाव. तिथे १८२४ साली केरो लक्ष्मण छत्रे जन्मले. मुंबईत शिकले, कुलाब्याच्या वेधशाळेत वेध घेतले. मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. पदवी नसतानाही ते पुण्यात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक त्यांचे विद्यार्थी.

केरो नानांनाही तेच दिसलं : गणित आणि आभाळ जुळत नव्हतं. पंचांगातलं वर्ष खऱ्या नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी मोठं होतं, आणि ती मिनिटं शतकानुशतकं साचत गेली होती. त्यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ छापली. रेवतीचा एक तारा राशिचक्राचा आरंभ धरून, आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळावर १८६५पासून नवं पंचांग काढलं. मकरसंक्रांत सुमारे चार दिवस अलीकडे आली.

बहुतेक जोशांनी ते नाकारलं. त्यांचा आधार होता ‘ग्रहलाघव’! ज्या बापलेकांनी आभाळ पाहून ग्रंथ दुरुस्त करायला सांगितलं, त्यांचाच ग्रंथ आता आभाळाच्या आड आला होता. हे वाचून मला अजून यातना होतात. दुसऱ्या बाजूने विसाजी रघुनाथ लेले भांडत होते की सुधारायचंच तर अर्धवट का, पंचांग सायनच करा, म्हणजे ताऱ्यांऐवजी ऋतूंशी बांधा. त्या वादात निदान दोन्हीकडे गणित होतं.

१८८४मध्ये केरो नाना गेले. त्यांचा रेवतीचा तारा टिळक पंचांगात राहिला. त्यामुळे काही वर्षी त्यात अधिक महिना इतर पंचांगांपेक्षा वेगळा पडतो, आणि कोकणातल्या एखाद्या घरात गणपतीची आरती सुरू झालेली असते, तेव्हा शेजारच्या घरातली मूर्ती अजून महिनाभर लांब असते.