टेबलावरचा धोटा

यंत्रांच्या सुट्या भागांपासून केलेल्या टेबलावरच्या शोभेच्या वस्तूंवर संपादकांना लेख हवा होता. त्यासाठी जुळे सोलापुरात एका निवृत्त जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मागांवरच्या मुकादमाच्या, घरी गेलो आणि पेनं ठेवलेल्या धोट्यापाशीच अडकलो.

१८७७ मध्ये सोलापुरात ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी निघाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. आज सगळ्या बंद आहेत. पूर्व भागात चादरी-टॉवेलांचे यंत्रमाग मात्र खडखडतात.

धोटा म्हणजे दोन्ही टोकांना पोलादी चोच असलेला कठीण लाकडाचा तुकडा. मधल्या खाचेत धाग्याची कांडी बसते. टेबलावर त्याच खाचेत पेनं राहतात. जॉन के याने १७३३ मध्ये धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं आणि विणकराचा एक हात मोकळा झाला. यंत्रमागावर हाच धोटा मिनिटाला शंभराहून अधिक वेळा फटका खातो, उभ्या धाग्यांमधून पलीकडे जातो आणि मागाच्या कडेच्या पेटीत अडून थांबतो. त्याची पाठ आणि तळ यांतला कोन काटकोनाहून किंचित कमी असतो, म्हणून तो उभे धागे ज्यातून जातात त्या फणीला चिकटून धावतो. जॉबरनी पाठीवरून बोट फिरवलं. "इकडं जास्त घासलंय बघा. पेटी वाकडी बसली होती." लाकडाच्या झिजेवरून मागाचं दुखणं ओळखणारा हा माणूस मला विलक्षण वाटला.

धोट्याच्या बाजूला धागा बाहेर यायचं भोक असतं. परदेशांतल्या गिरण्यांत कामगार तोंडानं हवा ओढून त्यातून धागा काढत, आणि एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाई. क्षयाच्या भीतीनं अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सने १९११ मध्ये ही पद्धत बंद केली.

आता अडचण अशी की शोभेची वस्तू म्हणून बाजारात विकायला धोटा आला की आधी तो घासला जातो. झीज, तेलाचे डाग, चोचीवरचे ओरखडे सगळं जातं, वर चकचकीत पॉलिश चढतं. गिऱ्हाइकाला जोडीतले दोन्ही एकसारखे लागतात. कामावरून आलेले दोन धोटे मात्र कधीच सारखे झिजत नाहीत. शिवाय नव्या पद्धतीच्या रेपिअर मागांना धोटा लागतच नाही, त्यामुळे कामावर झिजलेले धोटे मिळणंही कमी होत चाललंय. माग भंगारात गेला की धोटाही लाकूड म्हणून जातो. त्याची झीज वाचू शकणारे जॉबर सत्तरीपुढचे आहेत. विकणाऱ्यांनी निदान पॉलिश थांबवावं, आणि धोटा कोणत्या मागावरचा, त्यावर काय विणलं जाई, एवढं विचारून चिठ्ठीवर लिहावं. ते सांगणारी माणसं अजून सोलापुरात आहेत.