आवळा उन्हात घालण्याआधी

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातले दरेकसा हे जंगलाला लागून असलेले गाव. कार्तिक सरता सरता तिथल्या अंगणांत रानआवळा येतो. मागच्या हिवाळ्यात मामीने दोन सकाळी जंगलात फिरून वेचलेले दोन टोपल्या आवळे मी हौसेने कच्चेच फोडून खाटेवर पसरले. चार दिवसांत फोडी वरून कडक, तपकिरी झाल्या. डब्यात भरल्या, तर आठवड्याने बुरशी! मामी एवढेच म्हणाली, "बाबू, पहिले उकडून घ्यायचे होते."

मला प्रश्न पडला, वाळवायचे ते पाण्यात का घालायचे?

फळातले बहुतेक पाणी जिवंत पेशींच्या आत असते आणि पेशीभोवतीचे पटल ते सहज सोडत नाही. कच्च्या फोडीचा वरचा थर आधी वाळून आकसतो, त्याची पापडी धरते आणि आतला ओलावा आतच कोंडतो. माझ्या डब्यात हेच झाले. उष्णता साधारण ६० अंशांपलीकडे गेली की पटलाची ही राखण संपते. पेशींना सांधणारे पेक्टिनही सैल होते. म्हणून उकडलेला आवळा बोटांनी दाबताच त्याच्या पाकळ्या सुटतात. फोडी तपकिरी करणारी विकरेही त्याच उष्णतेने निकामी होतात.

सांगली-तासगावचे बेदाणे उत्पादक मात्र द्राक्षे उकडत नाहीत. तिथे मुख्य अडसर सालीवरच्या मेणाचा. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि सुमारे १५ मिली 'डिपिंग ऑइल', म्हणजे इथाइल ओलिएट, मिसळून घड काही मिनिटे बुडवतात. मेणाच्या थरातून पाण्याला वाट मिळते आणि सावलीतल्या रॅकवर साधारण दोन आठवड्यांत बेदाणा तयार होतो. अडसर कुठे आहे, यावर प्रक्रिया ठरते.

पण वाट मोकळी झाली की केवळ पाणीच जात नाही. आवळ्याचे क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे; उकडताना त्यातले काही पाण्यात उतरते. म्हणून उकडणे बेताचे हवे, पाकळ्या सुटू लागेपर्यंतच. मामी ते तुरट पाणी फेकत नाही, वरणात घालते. कारण विचारले तर म्हणाली, "आवळ्याचंच तर आहे."

यंदा टोपल्या आल्यावर मी आधी चूल पेटवली.