क्षयरोग निदान, कोशिकीय प्रतिसादावरून
क्षयजंतूंची ओळख पटलेल्या टी-लसीका कोशिकांच्या प्रतिसादावरून संसर्ग ओळखण्याची पद्धत. शार्ल मांतू यांची १९०८ मधील त्वचा-परीक्षा याच तत्त्वावर आधारलेली आहे. ट्युबरक्युलिन टोचल्यावर ४८ ते ७२ तासांनी तेथे आलेल्या कठीण उंचवट्याचा व्यास मोजतात. बीसीजी लस घेतलेल्यांतही तो उमटू शकतो. हा दोष टाळण्यासाठी ईसॅट-६ व सीएफपी-१० ही, बीसीजीत नसलेली प्रतिजने रक्तात मिसळून कोशिकांनी स्रवलेले इंटरफेरॉन-गॅमा मोजले जाते.

मात्र कोशिकांची ही स्मृती जंतूंशी गाठ पडल्याची साक्ष तेवढी देते. संसर्ग सुप्त आहे की रोग चालू आहे, हे तीवरून कळत नाही. भारतासारख्या, सुप्त संसर्ग विपुल असलेल्या देशात ही उणीव मोठीच होय. निरोगी माणसावर विनाकारण उपचार होतात आणि एचआयव्ही वा कुपोषण यांमुळे प्रतिसाद क्षीण झालेला खरा रोगी निसटतो. म्हणूनच कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत सक्रिय क्षयाच्या निदानासाठी ही रक्तपरीक्षा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये सांगितले. सक्रिय रोगात जंतुविशिष्ट टी-कोशिकांच्या पृष्ठावर एचएलए-डीआर व सीडी३८ ही उत्तेजनदर्शक प्रथिने अधिक आढळतात. या खुणेवर आधारलेल्या परीक्षांचे संशोधन चालू आहे. तूर्त निदानाची भिस्त थुंकीत किंवा बाधित ऊतकात प्रत्यक्ष जंतू अथवा त्यांचे डीएनए सापडण्यावरच आहे.