पुढील स्टेशन कोणतं?

मुंबईतल्या एका शाळेतला दुसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. गणिताचा तास संपत आलाय. शेवटच्या बाकावरचा मुलगा लोकलमधल्या घोषणेचा ठेका हुबेहूब धरून म्हणतो, "पुढील स्टेशन, दादर." वर्गात खसखस पिकते. त्याच्याशेजारी बसलेली ताई मात्र बाकावर चिकटवलेल्या चित्रांच्या पट्टीवर बोट ठेवते. गणित झालं, आता डबा. मुलगा शांतपणे दप्तरातून डबा काढतो.

प्रसंग रचलेला आहे, पण स्वमग्न मुलांसोबत वर्गात बसणाऱ्या कुणाही ताईला तो ओळखीचा वाटेल. (शाळा तिला 'शॅडो टीचर' म्हणतात, अनेक ठिकाणी तिचा पगार पालकांच्याच खिशातून जातो.) मुलाने विचारलं होतं, "आता पुढे काय?" गाडीत हा प्रश्न मनात येतो तेव्हा नेमकं हेच वाक्य कानावर पडतं. त्याने ते उचललं आणि वर्गात वापरलं.

ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा म्हणणं म्हणजे इकोलेलिया. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 साली 11 स्वमग्न मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली, त्यांतही हे आहे. 1946 च्या लेखात तर त्यांनी एक विलक्षण उदाहरण दिलं. एक मुलगा पातेल्यासारखं काही दिसलं की एका बालगीतातले शब्द म्हणे. शोध घेतल्यावर कळलं, की तो दोन वर्षांचा असताना आई ते गीत म्हणत होती आणि तिच्या हातून पातेलं खाली पडलं होतं. तो आवाज, ती वस्तू आणि ते शब्द त्याच्या मनात एकत्रच राहिले. बाहेरच्याला निरर्थक वाटणाऱ्या शब्दांना असा पत्ता असतो, फक्त तो घरच्यांनाच ठाऊक असतो.

तरी पुढची कित्येक वर्षं याला पोपटपंची समजून ती बंद पाडण्याकडेच कल राहिला. मग 1981 मध्ये बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन यांनी चार मुलांचं बोलणं व्हिडिओवर टिपलं आणि हजारावर पुनरुच्चार एकेक करून तपासले: मूल कुठे बघतंय, हात कुठे जातोय, सूर कसा आहे. त्यांना सात निरनिराळी कामं सापडली. कधी तो होकार होता, कधी मागणी, कधी "माझी बोलायची पाळी" एवढंच, तर कधी स्वतःला सावरणं. काही पुनरुच्चार खरोखरच कुणाला उद्देशून नव्हते, हेही त्यांनी नोंदवलं. त्यामुळे प्रत्येक वाक्यात गुपित शोधत बसण्यातही अर्थ नाही.

असं का होतं? बरीच मुलं सुटे शब्द शिकून ते जोडत जातात. काहींकडे मात्र वाक्य अख्खं येतं, न फोडलेल्या नारळासारखं, आणि तुकडे नंतर पडतात. दोन्ही वाटा असतात, हे अ‍ॅन पीटर्स यांनी 1983 मध्ये भाषा शिकणाऱ्या मुलांविषयी मांडलं, म्हणजे हे फक्त स्वमग्न मुलांपुरतं नाही. या कल्पनेवर उभ्या असलेल्या उपचारपद्धतींचा सध्या बराच गाजावाजा आहे. पुरावे मात्र अजून तुटपुंजे आहेत, म्हणून पालकांनी पैसे मोजण्याआधी थोडं थांबलेलं बरं.

मराठीत तर ही अख्खी उचल क्रियापदावरूनच पकडता येते. दिवसभर आई, बाई आणि ताई यांचंच बोलणं ऐकणारा मुलगा "मी येते" म्हणू शकतो. तहान लागल्यावर "तुला पाणी हवंय?" असंही विचारतो, कारण पाण्याच्या पेल्याबरोबर प्रत्येक वेळी तेच वाक्य आलेलं असतं. पुष्कळांना वाटतं, याला 'मी' आणि 'तू' कळत नाही. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पाणी मिळवून देणारं वाक्य त्याने अचूक ओळखलेलं असतं.

म्हणून जाणती ताई मुलाच्या बाजूने बोलते. पेला पुढे करताना ती "मला पाणी हवंय" म्हणते, मुलगा असेल तर "मी पाणी पितो" म्हणते. स्वतः बाई असून पुल्लिंगी क्रियापद वापरायचं म्हणजे पहिले काही दिवस जीभ अडखळते आणि वर्गातली मुलं गंमत बघतात! प्रश्न विचारल्यावर ती मनात दहापर्यंत आकडे मोजते. उत्तर यायला वेळ लागतोय असं दिसलं की आपण प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतो, आणि मुलाला आधीचं सोडून नव्याने सुरुवात करावी लागते.

शिवाय एक वही लागते. तिच्यात तीन रकाने: मूल काय म्हणालं, तेव्हा काय घडत होतं आणि ते वाक्य मुळात कुठून आलं. तिसरा रकाना बहुधा आईबाबा किंवा आजीच भरू शकतात: अमुक जाहिरात, दवाखान्यातल्या नर्सबाई, गावच्या एसटीतला कंडक्टर. जूनमध्ये ताई बदलली, तर दाखल्याच्या कागदांआधी ही वही नव्या ताईच्या हाती पडायला हवी. एरवी "पुढील स्टेशन, दादर" ऐकून ती त्याला गप्प बस म्हणेल, आणि मुलाला डबा कधी ते कळणारच नाही.